उरलेल्या दोन कला

"सातव्याच्या खाली, जरा डावीकडे, एक फिका?"

"आहे, मावशी."

"त्याच्या पलीकडे दोन, अगदी चिकटून?"

"तेही आहेत."

दिवाळी नुकतीच संपली आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका शेताच्या बांधावर आम्ही दुर्बीण मांडली आहे. भाद्रपदांच्या चौकोनाखालचा, नुसत्या डोळ्यांना रिकामा वाटणारा आकाशाचा तुकडा तिच्यात धरला आहे. आरसा आठ इंची आणि आयपीस कमी वर्धनाचा. एका वेळी जेमतेम अंशभर आकाश दिसतं, म्हणजे शेजारीशेजारी दोन पूर्णचंद्र मावतील एवढं. मी दिसणारा प्रत्येक तारा सांगते. भाचा बॅटरीला लाल कागद बांधून नकाशावर खूण करतो. नकाशा छापताना ग्रह मुद्दाम काढून टाकले होते. आम्हाला हवा आहे तो आकाशात असलेला आणि कागदावर नसलेला ठिपका.

२३ सप्टेंबर १८४६च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत हेच काम चाललं होतं. उर्बेन ल व्हेरिए यांचं पॅरिसहून आलेलं पत्र योहान गाले यांना त्याच दिवशी मिळालं होतं. अमुक ठिकाणी पाहा, तिथे नवा ग्रह आहे, असं त्यात लिहिलं होतं. ताऱ्यासारखा निव्वळ बिंदू नाही, इवली तबकडी दिसेल म्हणून गाले यांनी आधी तशीच शोधाशोध केली, पण ओळख पटेना. तेव्हा हाइनरिश दारे या विद्यार्थ्याने नकाशाशी ताडून पाहू या असं सुचवलं. त्या भागाचा ब्रेमिकर यांनी केलेला नकाशा छापून तयार होता, पण बाहेर वाटला गेला नव्हता. गाले दुर्बिणीशी, दारे नकाशाशी. सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

बर्लिनचं काम एका रात्रीचं होतं. खरी मेहनत त्याआधी कागदावर झाली होती, आणि मला ओढ आहे ती तिची.

विल्यम हर्शल यांना युरेनस १७८१ मध्ये दिसला. पण त्याआधी, थेट १६९०पासून, अनेकांनी तो तारा समजून टिपून ठेवला होता. आलेक्सी बुव्हार यांनी १८२१ मध्ये त्याची कोष्टकं केली, तेव्हा जुने आणि नवे वेध एका कक्षेत बसेनात. त्यांनी जुने वगळले. थोड्याच वर्षांत युरेनस नव्या कोष्टकांनाही जुमानेना. १८४५पर्यंत फरक साधारण दोन कलांवर गेला. पूर्णचंद्राच्या रुंदीचा हा पंधरावा भाग.

गणित आणि आकाश जुळणं याला आपल्याकडे दृक्प्रत्यय म्हणतात. जुळलं नाही तर बीजसंस्कार करायचा, म्हणजे आकड्यांत दुरुस्ती घालून पुढे जायचं. याला मी कमी लेखत नाही. ग्रहगणित त्यावर शतकानुशतकं तगलं. पण उरलेला फरक कोणाचा, हे त्यात विचारलं जात नाही. ल व्हेरिए यांनी ते विचारलं. आधी त्यांनी बुव्हार यांचं गणित तपासलं, त्यातल्या चुका काढल्या, गुरू आणि शनी यांची ओढ नव्याने मोजली. तरी शिल्लक उरलीच, म्हणून ती त्यांनी एका अदृश्य ग्रहाच्या ओढीची मानली.

गेल्या पावसाळ्यात मी हाच हिशेब संगणकावर उलट बाजूने मांडला. एका स्तंभात नेपच्यूनसह युरेनस, दुसऱ्यात नेपच्यूनविना, तिसऱ्यात वजाबाकी. वजाबाकी भलतीच मोठी आली. दोन दिवसांनी चूक कळली. निरीक्षकाला युरेनसची खरी कक्षा आयती मिळत नाही; तो वेधांवरूनच ती बसवतो, आणि अदृश्य ग्रहाच्या ओढीचा बराचसा भाग त्या बसवण्यातच मुरून जातो. कक्षा नव्याने बसवली तेव्हा लहानसा, वाकडा फरक राहिला. ल व्हेरिए यांच्या हाती लागलेली शिल्लक ही अशी होती.

१८२२च्या सुमारास सूर्य, युरेनस आणि नेपच्यून जवळजवळ एका रेषेत आले होते. त्याआधी नेपच्यून पुढे असल्याने युरेनसला पुढे ओढत होता. युरेनस त्याला ओलांडून गेल्यावर मागे खेचू लागला. मग मी नेपच्यून दूर ढकलला, पृथ्वी-सूर्य अंतराच्या तीसपटीवरून छत्तीसपटीवर, आणि वस्तुमान दुप्पट केलं. माझ्या ढोबळ हिशेबात त्या वर्षांभोवतीचा फरक फारसा बदलला नाही. मी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. ल व्हेरिए यांनी ग्रहांची अंतरं सांगणाऱ्या बोडेच्या नियमावर भिस्त ठेवून अंतर मोठं धरलं होतं. त्यांच्या उत्तरात ते छत्तीसपट निघालं, प्रत्यक्षात ते तीसपट आहे. वस्तुमानही दुपटीने जास्त आलं. प्रदक्षिणेचा काळ २१७ वर्षं आला, खरा १६५च्या आसपास आहे. कक्षा चुकली, दिशा मात्र बरोबर आली, कारण ओढीचा जोर ज्या वर्षांत होता तिथे दोन्ही ग्रह कोणत्या बाजूला आहेत एवढं शिल्लक नेमकं सांगत होती. इंग्लंडमध्ये जॉन काउच ॲडम्स यांचं गणितही त्याच वाटेने गेलं होतं. केंब्रिजला चॅलिस यांनी ऑगस्ट १८४६ मध्ये हा ग्रह दोनदा टिपलाही, पण नोंदी वेळीच ताडून पाहिल्या नाहीत.

बुधाच्या कक्षेतही ल व्हेरिए यांना अशीच शिल्लक सापडली. आजच्या मापाने ती शतकाला ४३ विकला आहे. त्यांनी पुन्हा अदृश्य ग्रह सुचवला. तो कोणालाच सापडला नाही. ती शिल्लक न्यूटनच्या नियमाची होती, हे १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवलं.

आपल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडचा ग्रह मांडला होता: सुमारे एकोणचाळीसपट अंतर, २४२ वर्षांची प्रदक्षिणा. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याचे आकडे ३९.५ आणि २४८. ही जवळीक वाचताना मला अजूनही भरून येतं. पण केतकरांचा आधार ओढीचा नव्हता, तो गुरूच्या उपग्रहांत दिसतात तशा भ्रमणकाळांच्या गुणोत्तरांचा होता. आणि प्लूटो इतका हलका आहे की युरेनसला त्याची ओढ जाणवूच नये. म्हणून मी या दोन शोधांना एका माळेत ओवत नाही.

"मावशी, तू सांगितलास तो अकरावा इथे नाही."

"नीट बघ. त्या जोडीच्या वर."

"नाही. कागद कोरा आहे."

मी वर्धन वाढवलं. ठिपका फुगून निळसर, इवलासा गोल झाला. शेजारचे तारे टोकदारच राहिले. भाच्याने पेन्सिलीने छोटं वर्तुळ काढून तारीख घातली. दुसऱ्या रात्री ढग होते. तिसऱ्या रात्री त्या वर्तुळाच्या जागी काही नव्हतं; पश्चिमेला साधारण अडीच कलांवर तोच निळसर गोल होता. भाच्याने दुसरं वर्तुळ काढलं आणि दोन्हींना जोडणारी रेघ पट्टीने ओढली. ती पेन्सिलीच्या टोकाहून थोडीच लांब भरली.