विश्लेषण: पाण्यावर उजळलेले पहिले घर कोणते?

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधील ‘क्रॅगसाइड’ हे जलविजेवर उजळलेले जगातील पहिले घर मानले जाते.

हे कसे घडले?
तोफांचे कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँग यांनी १८६३ मध्ये येथे छोटे घर बांधले. १८६९ पासून वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी त्याचा वाडा केला. लिफ्टही पाण्याच्या दाबावर चाले. १८७८ मध्ये तलावाच्या पाण्यावर डायनॅमो फिरवून चित्रदालनात आर्क दिवा लागला. १८८० मध्ये जोसेफ स्वान यांचे बल्ब आले.

वारसांनी वाडा का सोडला?
वारसा कराच्या बदल्यात १९७७ मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे गेला.

आता काय?
२०१४ मध्ये आवारातील तलावाजवळ स्क्रू टर्बाइन बसले. वाड्यात पुन्हा पाण्यावरच दिवे लागू लागले.