राखीव राउटर असूनही नेट बंद का पडतं?

नारायणगाव-मंचरकडे वीज गेली की घरचा इन्व्हर्टर आपोआप चालू होतो. क्लाउडमधल्या राउटरच्या जोडीचंही असंच असतं. मुख्य राउटर साधारण दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ असा संदेश पाठवतो. सलग तीन संदेश चुकले, की राखीव राउटर दोघांचा सामायिक आयपी पत्ता स्वतःकडे घेतो.

पण फायरवॉलने हे संदेश (व्हीआरआरपी, प्रोटोकॉल क्रमांक ११२) अडवले, तर दोघंही स्वतःला मुख्य समजतात. म्हणून आधी पत्ता कोणाकडे आहे ते पाहा. दोन्हीकडे दिसला, तर फायरवॉल तपासा. फक्त राखीवकडे असूनही नेट बंद असेल, तर क्लाउडचं रूट टेबल अजून जुन्या राउटरकडेच वाट दाखवतंय का, ते बघा.

इन्व्हर्टरसारखीच याचीही चाचणी गरज पडण्याआधी घ्या: कमी वर्दळीच्या वेळी मुख्य राउटर मुद्दाम बंद करा.