वेण्णा तलावापलीकडचे महाबळेश्वर

महाबळेश्वरास जाणारी शालेय सहल बहुधा वेण्णा तलाव व बाजारपेठ पाहून परतते. सातारचे आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधविलेला हा तलाव प्रेक्षणीय खराच. परंतु भूगोलाचा खरा पाठ तेथून काही किलोमीटरवर, क्षेत्र महाबळेश्वरी आहे. पंचगंगा मंदिरातील गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्या प्रकटतात, अशी श्रद्धा आहे. जवळच कड्यालगत कृष्णाबाईचे दगडी मंदिर आहे. तेथे गर्दी विरळ असते, आणि समोर कृष्णेचे खोरे पसरलेले दिसते.

याच डोंगरातून सावित्री पश्चिमेस उतरते व महाडवरून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. कृष्णा मात्र पूर्वेकडे वळते; माहुलीस वेण्णा व कऱ्हाडास कोयना पोटात घेऊन, सुमारे १,४०० किलोमीटर वाहून ती बंगालच्या उपसागरास मिळते. जलविभाजक म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून उमगत नाही. ते येथे डोळ्यांना दिसते.

शिक्षकांनी सहलीपूर्वी या नद्यांचा नकाशा फळ्यावर काढावा. परतल्यावर आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी अखेर कोणत्या समुद्रास मिळते, हे प्रत्येक मुलाकडून लिहून घ्यावे.