मक्तेदारांचे यलोस्टोन

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचे गरम पाण्याचे कारंजे साधारण दीड तासाने उसळते. त्याच्याजवळच ओंडक्यांचे एक जुने हॉटेल आहे, ओल्ड फेथफुल इन. त्याच्या सज्जात बसून कारंजे दिसते. मधले अंतर जेमतेम दोनशे मीटर. १८८३ च्या कायद्याप्रमाणे हे हॉटेल इथे उभेच राहिले नसते, कारण कारंज्यांपासून पाव मैलाच्या आत इमारतीसाठी जमीन द्यायला मनाई होती. १८९४ मध्ये ही मर्यादा निम्म्यावर आणली गेली आणि त्यानंतर दहा वर्षांनी हॉटेल उघडले. यलोस्टोनबद्दल लिहिणारे अस्वले, गवे आणि ज्वालामुखी यांवर पाने भरतात. पण तिथे खोली कोणी द्यायची, गाडी कोणी हाकायची आणि त्याचे पैसे कोणाच्या गल्ल्यात जायचे, यावरून शंभर वर्षे जे राजकारण झाले तेही काही कमी रंगतदार नाही.

अध्यक्ष ग्रँट यांनी १ मार्च १८७२ रोजी सही केली आणि जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्माला आले. मात्र संसदेने त्यासाठी एक डॉलरही मंजूर केला नाही. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड बिनपगारी होते. कायद्यात तरतूद अशी, की जमिनीचे छोटे तुकडे दहा वर्षांपर्यंत भाड्याने द्यावेत आणि त्या उत्पन्नातून रस्ते करावेत. म्हणजे मक्तेदार हा या उद्यानात मागाहून घुसलेला पाहुणा नाही, त्याची सोय जन्मदाखल्यातच होती. उद्यान व्हावे म्हणून धडपडणाऱ्यांच्या पाठीशी नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे होती, तिला प्रवासी हवे होते. खरे तर मामथच्या गरम झऱ्यांपाशी कायद्याच्या आदल्या वर्षीच मॅकार्टनी आणि हॉर या दोघांनी एक झोपडीवजा हॉटेल थाटले होते. पाहुण्याने स्वतःची कांबळी आणायची आणि जमिनीवर आडवे व्हायचे.

खरा डाव टाकला तो रूफस हॅच या वॉल स्ट्रीटवरच्या सटोडियाने. १८८२ मध्ये त्याच्या ‘यलोस्टोन पार्क इम्प्रूव्हमेंट कंपनी’ने गृहखात्याच्या एका सहसचिवाकडून करार पदरात पाडून घेतला : सुमारे ४,४०० एकर जमीन, तीही मोक्याच्या जागी पसरलेली, एकरी दोन डॉलर वार्षिक भाड्याने. शिवाय लाकूडतोडीची मुभा. कामगारांना खाऊ घालण्यासाठी कंपनीने २०,००० पौंड रानमांसाचा ठेका दिला, म्हणजे ज्या प्राण्यांसाठी लोक यायचे तेच आधी पातेल्यात. मिसूरीचे सिनेटर जॉर्ज व्हेस्ट आणि जनरल शेरिडन यांनी रान उठवले. मार्च १८८३ मध्ये संसदेने मक्त्याची मर्यादा ४,४०० एकरांवरून दहा एकरांवर आणली. पाव मैलाची अट त्याच कायद्यातली. त्या उन्हाळ्यात मामथचे नॅशनल हॉटेल अर्धवट अवस्थेतच उघडले आणि पुढच्या वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. मजुरी थकलेल्या कामगारांनी हॉटेलच ताब्यात घेतले. मला वाटते, हॅचने उद्यानाचे फार मोठे भले केले. तो इतका हावरट निघाला नसता तर इतका कडक कायदा झाला नसता.

त्यानंतर रेल्वेने पुढाकार घेतला. १८८६ मध्ये तिच्या पाठबळावर यलोस्टोन पार्क असोसिएशन उभी राहिली, आणि त्याच वर्षी उद्यानाचा कारभार लष्कराकडे गेला. प्रवासी रेल्वेने हद्दीपर्यंत येई, पुढे चार घोड्यांच्या गाडीतून एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८९ मध्ये याच वाटेने फिरला आणि सहप्रवाशांची यथेच्छ टिंगल करून गेला. पैसे भरून गाडीत बसणाऱ्याला तिथले लोक ‘ड्यूड’ म्हणत. स्वतःची गाडी आणि तंबू घेऊन येणारा तो ‘सेजब्रशर’. दोघांच्या मधला ग्राहक विल्यम वायली या शिक्षकाने हेरला. रंगीत पट्ट्यांचे तंबू, साधे जेवण, रात्री शेकोटीभोवती गाणी, आणि दर हॉटेलांपेक्षा बराच कमी. हॉटेलवाल्यांना तो डोळ्यांत सलत असे. १९०५ मध्ये त्याने धंदा विकला, तेव्हा विकत घेणाऱ्यांत हॉटेलवालेच निघाले.

उद्यानातल्या सरोवरावर वेगळाच मासला. ई. सी. वॉटर्स हा बोटीचा मक्तेदार ‘झिला’ नावाच्या आगबोटीतून प्रवासी नेई. वाटेत डॉट बेटावर त्याने गवे आणि एल्क कुंपणात कोंडून ठेवले होते. ज्या उद्यानात प्राणी मोकळे, तिथे पिंजऱ्यातले प्राणी दाखवून धंदा! त्याने स्वतःच्या नावाची मोठी बोट बांधली, तिला हव्या तितक्या प्रवाशांचा परवाना मिळाला नाही. १९०७ मध्ये लष्कराने त्यालाच उद्यानाबाहेर काढले. बोट स्टीव्हन्सन बेटाच्या किनाऱ्यावर सडत राहिली.

या सगळ्यांना पुरून उरला हॅरी चाइल्ड. घोडागाड्यांच्या कंपनीतून आला, १९०१ मध्ये हॉटेलांत शिरला आणि रेल्वेचे कर्ज घेत हळूहळू सगळे आपल्याकडे ओढले. पण रसिक माणूस. त्याने रॉबर्ट रीमर या तिशीच्या उंबरठ्यावरच्या वास्तुरचनाकाराला हाताशी धरले. १९०३-०४ च्या हिवाळ्यात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, सुतारांनी ओल्ड फेथफुल इन उभे केले. लाकूड आणि दगड जवळपासचेच, खर्च सुमारे १ लाख ४० हजार डॉलर. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. छत ७६ फुटांवर. कठड्यांना आणि खांबांना आधार दिला आहे तो मुद्दाम वेचून आणलेल्या वाकड्यातिकड्या फांद्यांचा. गाठी आहेत तशाच ठेवलेल्या, रंधा मारून सरळ केलेले काही नाही. मधोमध शेकडो टन दगडांची चूल आणि तिच्यावर घडीव लोखंडाचे प्रचंड घड्याळ. अगदी वर, छपरालगत, झाडावरच्या मचाणासारखी एक जागा आहे. तिथे वादक बसत आणि खाली लोक नाचत. १९५९ च्या भूकंपानंतर वर जाणे बंद झाले. १९८८ चा वणवाही दारापर्यंत येऊन परतला.

१ ऑगस्ट १९१५ पासून खासगी मोटारींना प्रवेश मिळाला आणि घोडे बिथरू लागले. दोन वर्षांत घोडागाड्या संपल्या. राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांचे मत ठाम होते : चार जणांनी प्रवाशांची ओढाताण करण्यापेक्षा एकच मक्तेदार ठेवावा आणि दरावर सरकारने नजर ठेवावी. वाहतूक चाइल्डकडे गेली. छायाचित्रकार हेन्स यांची स्पर्धक गाडी-कंपनी बाजूला झाली. पिवळ्या मोटारबसगाड्या आल्या. त्या हाकणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘गिअरजॅमर’ म्हणत. १९३६ साली बनलेल्या तशा आठ बसगाड्या दुरुस्त होऊन २००७ पासून पुन्हा धावतात.

मॅथर यांचा हिशेब चाइल्ड होता तोवर जुळला. तो १९३१ मध्ये वारला, जावई निकल्स यांनी कारभार घेतला, आणि महायुद्धानंतर मोटारींची गर्दी वाढत असताना इमारती मात्र खिळखिळ्या होत गेल्या. सरकारच्या आग्रहाने १९५७ मध्ये कॅनियन व्हिलेज हे निवाससंकुल बांधले, त्यात कंपनी कर्जात रुतली. प्रवाशांना तरी जुने कॅनियन हॉटेलच आवडे. रीमरने बांधलेली, मैलभर घेराची ती वास्तू अखेर बंद केली आणि १९६० मध्ये, पाडापाडी चालू असतानाच, ती जळाली. पुढे कंपनी बाहेरच्या उद्योगसमूहाकडे गेली. सेवेच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १९७९ मध्ये सरकारने करार संपवला आणि हॉटेले सुमारे दोन कोटी डॉलरना विकत घेतली. मक्तेदाराला दीर्घ मुदत दिली तर तो ओल्ड फेथफुल इन बांधतो, आणि तीच मुदत आयती हाती पडलेला त्याचा वारस छपराची गळतीही काढत नाही. दोन्ही यलोस्टोनने पाहिले.

आता इमारती सरकारच्या आणि चालवणारी कंपनी झँटेरा, मुदतीच्या करारावर. १९९८ च्या कायद्याने मोठ्या मक्तेदारांचा नूतनीकरणावरचा अग्रहक्कही काढला. तरी भांडणे मिटली असे नाही. योसेमिटी उद्यानात २०१६ साली करार गमावलेल्या कंपनीने जुन्या हॉटेलांच्या नावांवरच हक्क सांगितला. अवानी हॉटेलची पाटी उतरवावी लागली आणि १ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाल्यावर, २०१९ मध्ये, ती परत लागली.

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाऊन यलोस्टोनचा बेत आखणाऱ्यांनी ओल्ड फेथफुल इनची खोली वर्षभर आधी नोंदवावी. हिवाळ्यात ते बंद असते. जुन्या भागातल्या स्वस्त खोल्यांना न्हाणीघर सामाईक आहे आणि टीव्ही कुठेच नाही. खोली मिळाली नाही तरी हिरमुसू नका. लॉबीत कोणीही येऊन बसू शकते.