दाब, प्रवाह आणि तापलेली तार

रोह्याला कुंडलिकेचे पात्र भर उन्हाळ्यातही वाहते असते, याचे श्रेय पावसाला नव्हे, विजेला आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरते, तेथील चक्रे फिरविते आणि मग नदीला मिळते. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्या धरणात ज्यांची शेते व घरे बुडाली त्यांनी १९२१ पासून केलेला सत्याग्रह आणि त्यातील सेनापती बापटांचे नेतृत्व आपणां सर्वांस ठाऊक आहे. एवढे मोल देऊन निर्माण झालेली वीज मुंबईस जाताना वाटेतच का संपून जात नाही? या प्रश्नाचे उत्तर आणि पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एखादी तार का जळू शकते याचे उत्तर, ही दोन्ही एकाच हिशेबात आहेत. आणि त्या हिशेबास गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही.

विजेला तारेतून ढकलणारा तो दाब. तो व्होल्टांत मोजतात. तारेतून प्रत्यक्ष वाहतो तो प्रवाह. तो अँपियरांत मोजतात. उंच टाकी आणि तिचा नळ ही उपमा येथे बरी चालते, मात्र ती फार ताणू नये. नळ फुटला तर पाणी सांडते, तार तुटली तर वीज सांडत नाही, थांबते. दाबाला प्रवाहाने भागले की त्या वस्तूचा रोध मिळतो. हा संबंध गेओर्ग ओहम या कोलोनच्या शाळेतील जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला, भिऱ्याचे वीजघर सुरू होण्यापूर्वी बरोबर शंभर वर्षे. मायदेशी त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला पदक दिले तेव्हा कोठे लोकांचे डोळे उघडले. रोधाच्या मापाला आज त्याचेच नाव आहे. आणि दाबाला प्रवाहाने गुणले, म्हणजे शक्ती मिळते, वॉटांत.

आता जुन्या पद्धतीचा, तारेचा, १०० वॉटचा दिवा घ्या. घरातील दाब २३० व्होल्ट. १०० ला २३० ने भागले की प्रवाह आला ०.४३ अँपियर, २३० ला या प्रवाहाने भागले की रोध येतो सुमारे ५३० ओहम. परंतु हाच दिवा विझवून, थंड झाल्यावर त्याचा रोध मोजाल तर तो याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरेल. ओहम चुकला असे नव्हे. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, आणि आपला हिशेब पेटलेल्या दिव्याचा होता.

पेणच्या कारखान्याकडे वळू. पावसाळी हवेत मूर्ती वाळेनात म्हणून कोणी २,३०० वॉटची शेगडी लावली असे समजा. तिला हवेत १० अँपियर; तिचा रोध २३ ओहम. बोर्ड दूर आहे, म्हणून पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची, ४० मीटर लांब तार ओढली. वीज जाते आणि परतही येते, म्हणून तांबे मोजायचे ८० मीटरांचे. त्याचा रोध भरतो सुमारे २ ओहम. एकूण रोध २५, म्हणून प्रवाह ९.२ अँपियर. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, एवढी उष्णता होते. हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाचा. शेगडीस मिळाले १,९४७ वॉट आणि तारेत गेले १६९. मूर्ती सावकाश वाळतात ही गोष्ट एक वेळ सोडून द्या. ती तार मोकळी पसरलेली असेल तर उष्णता हवेत जाईल. पण उरलेली तार वेटोळे करून कोपऱ्यात, गवताच्या नाहीतर कागदाच्या ढिगावर टाकली असेल तर? तेथे उष्णतेला वाटच नाही. आवरण मऊ होते आणि मग आगीस निमित्त लागत नाही. सैल जोड त्याहून वाईट. अर्ध्या ओहमचा जोड म्हणजे नखाएवढ्या जागेत ४० वॉट! माझ्या मते दर हंगामाच्या आरंभी कारखानदाराने जोडांवर हात फिरवून पाहावा, अर्थात वीज बंद केल्यावर लगेच. गरम लागेल तो जोड बदलावा.

(पंखा किंवा पंप असेल तर नुसत्या व्होल्ट-अँपियरांच्या गुणाकाराहून खरी शक्ती थोडी कमी भरते. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

भिऱ्याचा प्रश्न आता सोपा झाला. तीन तारांचा बारकावा सोडून देऊ आणि मुंबईपर्यंतच्या तारेचा रोध १० ओहम धरू. २३० व्होल्टांनी वीज पाठवावी म्हटले तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपियरांहून अधिक प्रवाह त्या तारेतून जाणेच शक्य नाही. तोही मुंबईस काहीच न देता. पाच किलोवॉटांच्या वर वीज खर्ची पडेल आणि ती सगळी तारच तापवील. उलट दाब १,१०,००० व्होल्ट केला, टाटांच्या जुन्या वाहिन्यांचा दाब हाच, तर केवळ १०० अँपियरांत १,१०,००,००० वॉट निघतात. वाटेत जातात शंभराचा वर्ग गुणिले दहा, म्हणजे एक लाख वॉट. शेकडा एकाहूनही कमी. वर्गाचा हा महिमा आहे: दाब दुप्पट केला की प्रवाह निम्मा होतो, आणि नुकसान चौथाईवर येते. मग गावाजवळ रोहित्रे हा दाब पायरीपायरीने उतरवितात, आणि आपल्या गल्लीतील खांबावरून तो २३० होऊन घरात येतो.