कपातीच्या वर्षी लोकप्रतिनिधींपुढे काय मांडावे?



शेतकरी मेळाव्यात एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, योजना तर चांगली होती, मग पैसे का कापले?" याचे उत्तर असे की, तिजोरीत ओढाताण झाली म्हणजे जिच्याबद्दल बोलायला कोणी येत नाही, त्या योजनेवर आधी कात्री चालते.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी बेणेमळ्याच्या एका अनुदानात कपात होणार असे कळले. आम्ही जाडजूड अहवाल घेऊन एका लोकप्रतिनिधींकडे गेलो. त्यांनी तो चाळला आणि विचारले, "माझ्या भागातल्या किती गावांना फायदा झाला? एखादा शेतकरी बरोबर आणलाय का?" आम्ही गप्प. अहवालात टक्केवारी होती, गावांची नावे नव्हती. शेतकरी तर नेलाच नव्हता. अनुदान गेले. चूक आमची होती.

हे काम कसे करावे हे समजून घ्यायचे तर पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडे पाहावे. तो मुलूख उसाचा नव्हे, भाताचा, चिकूचा आणि वारली पाड्यांचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत ना. कोणी गुरांमागे जाई, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरे चरत तेथे भरली, ती कुरणशाळा. शंख-शिंपले, बिया, पाने हेच साहित्य. खर्च थोडा आणि काम डोळ्यांना दिसणारे. ताराबाई स्वतः १९४६ ते १९५१ मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या, त्यामुळे निर्णय कुठे आणि कसे होतात हे त्यांना ठाऊक होते.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिची केंद्रे देशभर अंगणवाडी याच नावाने उभी राहिली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणे, आहार-आरोग्याची माहिती आणि शाळेआधीचे शिक्षण अशी सहा कामे तेथे चालतात.

अशा योजनेवरही कात्री आली. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राज्यांचा करातील वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के झाल्याचे कारण देऊन तिची तरतूद सुमारे १८ हजार कोटींवरून ८ हजार कोटींच्या आसपास आणली गेली. देशभरातून ओरड झाली. खुद्द केंद्रीय महिला व बालविकास मंत्र्यांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले. वर्षअखेरीच्या सुधारित अंदाजात रक्कम १५ हजार कोटींच्या पुढे गेली. आधीच्या वर्षाइतकी झाली नाही, पण बरीचशी परत आली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसाला एक चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके त्या भागात मोडतात. तेव्हा अर्थसंकल्पातला आकडा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. बोलावे मात्र लागते.

कसे बोलावे, ते थोडक्यात:

१) वेळ साधा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास येतो, पुरवणी मागण्या पावसाळी व हिवाळी अधिवेशनात. जिल्ह्याचा आराखडा जिल्हा नियोजन समितीपुढे त्याआधीच जातो. कात्री चालल्यावर जाण्यापेक्षा दिवाळीच्या सुमारास जावे. लागण वेळेवर झाली तरच वजन मिळते, हे आपणांस सांगणे नलगे.

२) त्यांच्या भागाचा हिशेब द्या. राज्याची टक्केवारी नको. गाव, वस्ती, मुले किती, आहार किती दिवस मिळाला, एवढे एका कागदावर पुरे.

३) बंद पडल्यास काय होईल, ते सांगा. आहार थांबला तर पहिल्या महिन्यात कोणते मूल उपाशी राहील, कोणत्या आईची मजुरी बुडेल?

४) माणूस बरोबर न्या. आईने दोन वाक्ये बोलावीत, आपण मागे राहावे. जमल्यास साहेबांनाच वस्तीवर आणावे.

५) उणीव झाकू नका. वजनकाटा बिघडला असेल तर तसे सांगा. एक खोटा आकडा सापडला की खऱ्यांवरचाही विश्वास उडतो.

६) काम झाले तर आभाराला जा. फक्त मागायला येणारा माणूस लक्षात राहतो, पण नको तसा.

आता आपल्या दाराशी येऊ. डहाणू-तलासरीतील कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तशीच ऊसतोडीची कुटुंबे गळीत हंगामात आपल्या शिवारात येतात. त्यांच्या कोप्यांतली पोरे पहाटे फडात उसाच्या पाल्यावर झोपलेली आम्ही रोज पाहतो. स्थलांतरित मुलांना कामाच्या गावच्या अंगणवाडीत आहार देण्याची सोय आहे, परंतु मूल यादीत नसेल तर ताटही नाही, आणि अर्थसंकल्पात त्याचा पैसाही नाही.

म्हणून सुचवितो, टोळ्यांची नोंद चिटबॉयकडे असतेच. तीत सहा वर्षांखालील मुलांचा एक रकाना वाढवावा. मुकादमाला विचारून तो भरावा आणि ती यादी अंगणवाडी ताई, सरपंच व आपल्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य यांच्या हाती द्यावी. आपल्यापैकी अनेकजण ग्रामपंचायतीत व सोसायटीत निवडून आलेले आहात. त्यांनी ही यादी मागून घ्यावी.

ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस वेळेवर गाळपाला जातो, त्यांच्या लेकरांसाठी एक रकाना जड नाही. अधिक माहितीसाठी आपल्या शेतकी गट कार्यालयात यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी