‘बंद’ या शब्दाचे अर्थ

शब्द एकच असला, तरी ठिकाण बदलले की त्याचा अर्थ बदलतो. ‘बंद’ हाच शब्द पाहा. पेटी बंद केली म्हणजे तिचे झाकण लावले. घड्याळ बंद पडले म्हणजे ते चालेनासे झाले. संध्याकाळी जुन्या वळणाचा व्यापारी मात्र ‘दुकान बंद केले’ असे म्हणत नाही. त्यात अशुभाची छटा आहे. म्हणून तो ‘दुकान वाढविले’ असे म्हणतो.

गणितात कोणत्याही दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज नैसर्गिक संख्याच येते. म्हणून बेरजेपुरता हा संच बंदिस्त होय. वजाबाकीपुरता तो तसा नाही. कारण ३ मधून ५ वजा केले, की संचाबाहेरची −२ ही संख्या येते.

विजेच्या बाबतीत तर अर्थ उलटाच होतो. घरात ‘दिवा बंद’ म्हणजे विझलेला. विज्ञानात मात्र तारांचा मार्ग कोठेही तुटलेला नसला, म्हणजे विद्युत-मंडल बंद झाले असे म्हणतात. आणि तेव्हाच प्रवाह वाहून दिवा लागतो! ‘मंडल बंद आहे’ हे ऐकून कोणी निर्धास्तपणे तारेला हात लावला, तर ते प्राणावर बेतेल. म्हणून शब्द कोण, कोठे व कोणत्या विषयात योजीत आहे, हे आधी ध्यानी घ्यावे.